कपातली दोन दारं

(ग्लेंडेल, लॉस एंजेलिसच्या शेजारी. जूनमधली एक दुपार. आर्मेनियाहून इथे आलेल्या कुटुंबाच्या स्वयंपाकघरात आजी वार्दुही आणि नात नाझेली. दोघींच्या मधे आजीने पिऊन संपवलेला कॉफीचा कप, आणि नाझेलीच्या हातात काडेपेटीतली एक काडी.)

वार्दुही: अगं, काडी अशी घट्ट नको धरू, पेन्सिल आहे का ती? गाळ नुसता सरकव. हळू. हां... आता हा कोण झाला, कोंबडा?

नाझेली: रस्ता आहे तो, तातिक.

वार्दुही: रस्त्याला तुरा असतो होय? आण इकडे. अख्खं आयुष्य कपातल्या गाळात लोकांचं नशीब वाचण्यात गेलं माझं.

नाझेली: वाचण्यात गेलं. लिहायची वेळ पहिल्यांदाच आलीय ना?

वार्दुही: तू तुझे डोळे कपात ठेव. दोन दारं काढायची ना? हे बघ. एक दार. हे दुसरं. वर जाणारा रस्ता. झालं.

नाझेली: वर म्हणजे उत्तरेला हं. बर्कली उत्तरेला आहे. उलटं वाचलंस तर मेक्सिकोला जाईन मी.

वार्दुही: मेक्सिकोत निदान हवा बरी असेल. आता मला पुन्हा एकदा सांग. म्हातारीचं डोकं आहे, घोटाळा नको.

नाझेली: बर्कलीने मला घेतलंय. आपल्या इथल्या कॉलेजात दोन वर्षं झाली, उरलेली दोन तिथे. गणित आणि नाटक, दोन्ही मुख्य विषय. आणि हो की नाही ते कळवायचा आज शेवटचा दिवस.

वार्दुही: आणि माझ्या पोराला काय वाटतंय?

नाझेली: पापांना वाटतंय, मी हिशेबशास्त्र शिकतेय आणि वीस मिनिटांवरच्या विद्यापीठात घरून जाऊन-येऊन करणार.

वार्दुही: म्हणजे त्याला एकही गोष्ट खरी माहीत नाही.

नाझेली: नाव माहीत आहे माझं.

वार्दुही: फाजील! आणि तुझी आई?

नाझेली: आईला पहिल्या दिवसापासून माहितीय. ती म्हणाली, "तुझा बाप आणि बापाची आई, तुमचं तुम्ही बघा." आणि गेली कामावर.

वार्दुही: हुशार बाई. म्हणून तर टिकली या घरात. पण मी म्हणते, बटणच दाबायचंय ना? दाब की. वीस वर्षांची घोडी झालीस.

नाझेली: पापांनी हो म्हटल्याशिवाय नाही दाबणार. मला जायचंय, पळून नाही जायचं. भांडून गेले तर नाताळात कुठल्या तोंडाने येऊ? तुझी डोल्मा कोण खाणार मग?

वार्दुही: बरं, बरं. गळा नको काढू. माझ्या कामाचं काय ते बोल आधी.

नाझेली: कुठलं काम?

वार्दुही: वा! तुझ्या कॉलेजात मीही इंग्रजी शिकायला जाते, विसरलीस? इंग्रजीची बाई म्हणते, आजी, तुम्ही आता हुशार झालात, पुढच्या वर्षी तिसऱ्या वर्गात. तिला जाऊन सांग, आमच्या आजीला काही म्हणजे काही येत नाही.

नाझेली: तातिक, तू मुद्दाम चुका करतेस! मागच्या परीक्षेत स्वतःचं नाव चुकवलंस!

वार्दुही: मग काय करू? माझ्या मैत्रिणी, शूशान आणि हैकानुश, दोघी दुसऱ्यात. तिसऱ्या वर्गात सगळी कोवळी पोरं. त्यांना काय नशीब असतं का वाचायला? मी पुढे गेले तर या दोघींनी कप कुणाला दाखवायचा?

नाझेली: बरं, बोलते बाईंशी. आता ऐक. हा कप ट्रेमधे तुझ्या बाजूला उपडा. पापा कॉफी पितील, त्यांचा कप उपडा घालतील, तोही याच ट्रेमधे. मग तू त्यांना खिडकीकडे बघायला लाव. मी ट्रे फिरवते. त्यांच्यासमोर हा येईल.

वार्दुही: खिडकीबाहेर काय दाखवू? पलीकडे भिंत आणि कचऱ्याचे डबे.

नाझेली: सुचेल तुला. तू ग्युम्रीची ना? थापा मारण्यात तुमच्या गावाचा हात कुणी धरलाय का?

वार्दुही: आपलं गाव म्हण. टायर वाजले बघ. आला तुझा बाप. काडी लपव! कानात नको, वेडे, खिशात!

सामवेल: काय चाललंय? दार उघडलं तर दोघी गप्प. या घरात दोन बायका गप्प म्हणजे काहीतरी फुटलंय.

वार्दुही: तुझी इडापिडा मला लागो, सामो जान, ये, बस. हात धुतलेस का?

सामवेल: दोनदा धुतले. टायरचा काळा रंग जात नाही, माहितीय तुला. नाझेली, तू आज कॉलेजात नाही गेलीस?

नाझेली: सत्र संपतंय, पापा. कॉफी ठेवलीय. हे घ्या, फेसासकट.

सामवेल: न मागता कॉफी. फेसासकट. आणि वर गोड गाता-पाव. कुणाचं लग्न ठरलंय का?

वार्दुही: बापाला कॉफी दिली तर लग्न ठरलं म्हणे! पी गपचूप. आणि कप उपडा घाल, खूप दिवसांत वाचला नाही तुझा.

सामवेल: मी नाही मानत ते, आई.

वार्दुही: मग गेल्या महिन्यात दुकानाचा भाडेकरार करायच्या आधी तीन कप पिऊन कुणी वाचून घेतले माझ्याकडून?

सामवेल: तहान लागली होती. आऽ! तोंड भाजलं. किती कढत!

नाझेली: सावकाश प्या ना.

सामवेल: प्यायलो. हा घातला उपडा. झालं समाधान?

वार्दुही: झालं. आता जरा निवू दे. अरे सामो! ती तुझ्या दोस्ताची, वाचिकची गाडी थांबली की काय दारात?

सामवेल: वाचिक? कुठे? नाझेली, आत जा! आत जा पटकन, तू बर्कलीला आहेस!

नाझेली: जाते, जाते. ट्रे तेवढा नीट ठेवते.

सामवेल: कुठेय? मला तर डबे दिसताहेत नुसते.

वार्दुही: गेली वाटतं पुढे. दुसऱ्याच कुणाची असेल. माझे डोळे मेले.

नाझेली: पापा, आता काय म्हणालात? मी कुठे आहे?

सामवेल: काही नाही. तोंडातून गेलं.

नाझेली: दोन वर्षं जातंय ते तोंडातून. वाचिककाका बेकरीत आले की मी लवाशच्या रोट्यांच्या मांडणीमागे लपते. परवा मला बघितलंच त्यांनी. म्हणाले, "पुन्हा सुट्टी? तुमच्या बर्कलीत शिकवतात तरी कधी?"

सामवेल: त्याचा मुलगा दाताचा डॉक्टर होतोय. रोज सांगतो. मी टायर बदलत असतो आणि तो दात मोजत उभा असतो. एक दिवस तोंडातून गेलं, माझी पोरगी बर्कलीला आहे.

वार्दुही: जाऊ दे ते. चला, कप उचलते. देवा रे! सामो, हे बघ काय आलंय!

सामवेल: काय?

वार्दुही: रस्ता! केवढा लांब. आणि सरळ वर गेलाय. उत्तरेला.

सामवेल: कपाला उत्तर दिशा असते?

वार्दुही: कपाचा कान म्हणजे घर. घरापासून लांब जायचं ते उत्तरेलाच. तुला काय कळतंय? आणि रस्त्याच्या टोकाला दोन दारं.

सामवेल: दोन?

वार्दुही: दोन. शेजारी-शेजारी. दोन्हीतून उजेड. एका दारात सगळे आकडेच आकडे.

सामवेल: माझ्या कपात आकडे? टायरच्या मापाचे असतील.

वार्दुही: नव्हे, शिकायचे आकडे. आणि दुसऱ्या दारात एक तोंड. हसतंय, नाही, रडतंय. दोन्ही करतंय.

सामवेल: गिऱ्हाईक असेल. बिल बघून तसंच करतात. आणि हे काय मधे? कोंबडा?

नाझेली: तो पुसला नाहीस का तू?

सामवेल: काय पुसलं नाही?

नाझेली: काही नाही, पापा. तातिक, पुढे वाच ना.

वार्दुही: हा कोंबडा म्हणजे चांगली बातमी. पहाटेचा. घरातलंच कुणीतरी लांब जाणार, नाव काढणार, आणि जो तिला अडवेल... जो त्या माणसाला अडवेल, त्याची झोप उडणार.

सामवेल: फार छान. आता आई, एक काम कर. हा कप हातात घे. काय दिसतंय ते नको सांगू. हाताला कसा लागतोय ते सांग.

वार्दुही: कप आहे. कपासारखा लागतोय.

सामवेल: गार लागतोय. आत्ता माझी जीभ भाजली, आणि कप आईसक्रीमचा.

वार्दुही: निवला.

सामवेल: एवढ्यात? जूनमधे? ग्लेंडेलला? इथे जूनमधे फ्रिजसुद्धा निवत नाही.

नाझेली: पापा...

सामवेल: थांब. आणि ही कडेला गुलाबी लिपस्टिक. ही मी कधीपासून लावायला लागलो?

वार्दुही: ...सांगितलं होतं हिला, आपण पाण्याने पुसू म्हणून.

नाझेली: तू काहीसुद्धा सांगितलं नव्हतंस!

सामवेल: चला. आता कोण आधी बोलतंय?

नाझेली: मी. पापा, मला बर्कलीला प्रवेश मिळालाय.

सामवेल: माहितीय.

नाझेली: दोन विषयांत. गणित आणि... काय? माहितीय?

सामवेल: तीन आठवडे झाले. करीने आली होती दुकानात, मागचं टायर बसलं म्हणून. तुमच्या कॉलेजातली, मोठ्या विद्यापीठात कोण जाणार ते बघते ती. म्हणाली, "सामवेल, अभिनंदन! बर्कली, आणि तेही दोन विषय! दोन वर्षांत दोन्हीकडची तयारी पुरी केली पोरीने. आमच्याकडून असं फार थोडे जातात."

वार्दुही: तिला मी कप वाचताना सांगितलं होतं, तोंड आवर म्हणून.

सामवेल: शेजारी वाचिक उभा होता.

नाझेली: नाही!

सामवेल: हो. त्याने विचारलं, "म्हणजे? आत्तापर्यंत बर्कलीत नव्हती का?"

वार्दुही: अरे देवा. मग?

सामवेल: मी म्हटलं, "आत्तापर्यंत एकाच विषयात होती."

वार्दुही: शाब्बास! माझा पोरगा! ग्युम्री लपत नाही.

सामवेल: हसू नका दोघी. मला हसू आलेलं नाही. तीन आठवडे मी वाट बघतोय. रोज वाटायचं, आज सांगेल. मीठ मागायचीस तेव्हाही वाटायचं, आता सांगेल. आणि आज सांगितलंस तर गाळातून. वाईट वाटलं मला, नाझेली.

नाझेली: मला भीती वाटत होती.

सामवेल: माझी? कधी हात उगारला तुझ्यावर?

नाझेली: हात नाही. तुम्ही गप्प होता. आठवडा-आठवडा. मी या कॉलेजात नाव घातलं तेव्हा झाला होतात तसे. मला वाटलं, माझी लाज वाटते तुम्हाला.

सामवेल: तुझी नाही, माझी. या देशात आलो तेव्हा ठरवलं होतं, माझी पोरगी सरळ मोठ्या दारातून आत जाईल. तू अभ्यासाला बसायचीस तेव्हा मी दुकानात. शिकवणी लावली नाही, काही नाही. म्हणून थाप मारली वाचिकला. तुझ्यासाठी नव्हती ती.

नाझेली: पापा, मी याच कॉलेजामुळे तिथे चाललेय. मला काही लपवायचं नाहीये. लवाशमागे तर अजिबात नाही.

सामवेल: बरं. आणि नाटक कशाला? गणित समजलं. दोन विषय म्हणजे दोन्ही अर्धे.

नाझेली: दोन्ही पूर्ण. एक सोडून बघितलं होतं पहिल्या सत्रात. करमेना. मला दोन्ही येतं, पापा.

सामवेल: येतं. बघितलंय मी.

नाझेली: काय बघितलंय?

सामवेल: करीनेने तुझ्या नाटकाचं तिकीट दिलं. मागे उभा होतो. ती म्हातारी केलीस ना तू, जी सगळ्यांना शिव्या देते, कंबरेवर हात ठेवून चालते, आणि बोलताना दर वाक्याला देवाला हाक मारते...

वार्दुही: कोण म्हातारी?

नाझेली: कुणी नाही, तातिक.

सामवेल: सगळं सभागृह हसत होतं. मी एकटा घाबरलो होतो. वाटलं, आई स्टेजवर कशी गेली?

वार्दुही: माझी नक्कल? लोकांसमोर? आणि मी इथे हिच्यासाठी काडीने गाळ उकरतेय!

नाझेली: चांगली होती का, पापा?

सामवेल: चांगली होती. फार चांगली होती. तरीही मी नको म्हणतोय.

नाझेली: का?

सामवेल: नको म्हणजे नको.

नाझेली: हे चालणार नाही. आज शेवटचा दिवस आहे. कारण सांगा. मुलगी एकटी राहणार म्हणून? वाचिककाका काय म्हणतील म्हणून?

सामवेल: वाचिक गेला खड्ड्यात. तिथे जमिनीला भेग आहे. त्या विद्यापीठाच्या खालून जाते. बघितलंय मी नकाशात. त्यांच्या खेळाच्या मैदानाखालून, सरळ.

नाझेली: पापा, भूकंप इथेही होतो. सगळ्या कॅलिफोर्नियाखाली भेगा आहेत!

सामवेल: इथे मी आहे.

नाझेली: चारशे मैलांवर तर आहे, पापा.

सामवेल: ग्युम्रीत भूकंप झाला त्या सकाळी गारिक शाळेत गेला होता. त्याचा डबा मीच दिला त्याच्या हातात. चार रस्ते पलीकडे होती शाळा, तर मी पोचेपर्यंत... तू म्हणतेस चारशे मैल.

वार्दुही: सामो. तुझा भाऊ होता, तसा माझा पोरगा होता तो.

सामवेल: माहितीय, आई.

वार्दुही: माहितीय ना? मग त्यानंतर मी काय केलं ते सांग हिला.

सामवेल: काय केलंस?

वार्दुही: येरेवानच्या शाळेने बोलावलं होतं तुला, वसतिगृहात. घर पडलं होतं, आपण रेल्वेच्या डब्यात राहत होतो. तू म्हणालास, आईला सोडून जाणार नाही. तीन दिवस जेवला नाहीस. मग मी काय केलं?

सामवेल: कप वाचलास माझा.

वार्दुही: काय आलं होतं त्यात?

सामवेल: लांब रस्ता. आणि शेवटी... थांब. दोन दारं.

नाझेली: तातिक!

वार्दुही: मला तेवढंच काढता येतं गं. डोंगर काढायला गेले की ढेकूळ होतं.

सामवेल: म्हणजे तोही कप?

वार्दुही: कॉफी कुठली रे तेव्हा? भाजलेले जव उकळले होते. गाळच पडेना. मग शेगडीची काजळी घातली बोटाने.

सामवेल: मी आईला सोडून येरेवानला गेलो ते काजळीवर?

वार्दुही: काजळीवर गेलास, शिकलास, वसतिगृहाच्या दारात हिची आई आर्मिने भेटली, आणि ही आगाऊ कार्टी झाली. चांगली काजळी होती.

सामवेल: आणि तू? एकटी त्या डब्यात?

वार्दुही: रोज रात्री जमीन हलल्यासारखी वाटायची. उठून बसायची. मग म्हणायची, सामो इथे नाहीये, सामो शाळेत आहे, आणि पुन्हा आडवी व्हायची. भीती नव्हती असं कुठे म्हणते मी? तुला घट्ट धरून ठेवलं असतं तर गारिक थोडाच परत येणार होता? मग मी दोन्ही पोरं घालवली असती.

नाझेली: पापा, मी रोज फोन करेन. जमीन हलली तर सगळ्यात आधी तुम्हाला.

सामवेल: हलली नाही तरी कर.

नाझेली: हलली नाही तरी करेन.

सामवेल: पलंग भिंतीला लावायचा नाही. डोक्यावर फळी नको. बूट उशाशी. मी येऊन कपाटं भिंतीला ठोकणार. तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीचंसुद्धा.

वार्दुही: ऐकलंस? म्हणजे जायचं ठरलं. कपाट तिकडेच ठोकणार ना तो.

सामवेल: मी हो म्हटलेलं नाही. माझा खरा कप कुठाय?

वार्दुही: हा काय, माझ्यासमोर. अजून ऊन आहे बघ.

सामवेल: वाच. खरं वाच हं. आणि एका अटीवर. तू तिसऱ्या वर्गात जायचं.

वार्दुही: हे कुणी सांगितलं तुला?

सामवेल: शूशानचं टायरही मीच बदलतो. म्हणाली, तुमच्या आईमुळे आम्हालाही मुद्दाम नापास व्हावं लागतं.

वार्दुही: काय सांगतोस! त्या दोघी माझ्यासाठी थांबल्यात? मेल्या, एक अक्षर बोलल्या नाहीत! मग तिघी मिळूनच जाऊ की पुढे. आण तो कप. हं. गाळ खूप आहे. मन जड आहे तुझं. पण फुटलाय बघ इथून, वाट झालीय. आता तळाला अंगठा दाब, इच्छा धर मनात, आणि वळव.

सामवेल: धरली.

वार्दुही: उचल. ...अंगठा स्वच्छ उमटलाय रे, इच्छा पुरी होणार. खालचं पांढरं दिसतंय.

सामवेल: शपथ?

वार्दुही: गारिकची शपथ. ये, तूच बघ.

नाझेली: पापा... दाबू का बटण?

सामवेल: दाब. आणि नाटक शिकायला चाललीस ना? नाताळात येशील तेव्हा कप आधी गरम पाण्यात धरून ठेव.